वितळले, हे ठरवायचे कसे?

पृथ्वीच्या पोटात २,८९० किलोमीटर खोलीवर प्रावरणाचा दगड संपतो आणि गाभ्याचे वितळलेले लोखंड सुरू होते. तिथला दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या तेरा लाख पटींहून अधिक. या दाबाखाली दगड कोणत्या तापमानाला वितळू लागतो? २०१० मध्ये फ्रान्सच्या गियोम फिके यांच्या गटाने उत्तर दिले, ४,१८० केल्विन. २०१४ मध्ये जपानच्या र्युइची नोमुरा यांच्या गटाने सांगितले, ३,५७०. पहिल्या आकड्यात दीडशे अंश आणि दुसऱ्यात दोनशे अंश इकडेतिकडे धरले, तरी दोन्ही आकडे एकमेकांना भेटत नाहीत.

हा वाद सहज सोडून देण्याजोगा नाही. भूकंपाच्या आडव्या लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून मात्र त्या तळापर्यंत जातात. म्हणजे प्रावरण मुख्यतः घन आहे. तेव्हा दगड वितळू लागतो ते तापमान कळले की गाभ्याच्या सीमेवरचे तापमान त्याहून अधिक नाही, एवढे निश्चित होते. गाभ्यातून उष्णता किती वेगाने बाहेर पडते, पृथ्वीचे चुंबकत्व कशावर टिकले आहे, हे सारे हिशेब या एका मर्यादेशी बांधलेले आहेत. जपानी आकडा खरा मानला तर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. इतक्या कमी तापमानाला बाह्य गाभा द्रव राहायचा असेल, तर लोखंडाचा वितळणबिंदू खाली खेचणारे काहीतरी त्यात भरपूर मिसळलेले हवे. नोमुरांच्या गटाने त्यासाठी हायड्रोजनकडे बोट दाखवले.

दाब वाढला की दगडाचा वितळणबिंदू वाढतो. उलटेही खरे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच तयार झाला: खालून तप्त दगड वर सरकला, वरचा दाब कमी होत गेला आणि नव्याने न तापवताही तो अंशतः वितळला. तेवढ्या उथळ थरातला दाब प्रयोगशाळेत निर्माण करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरी कसोटी तळाशी आहे.

त्यासाठी दोन हिरे टोकाशी टोक भिडवतात. टोके घासून सपाट केलेली, रुंदी एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मध्ये धातूची पातळ चकती आणि तिच्या बारीक छिद्रात दगडाचा कण. क्षेत्र इतके लहान की स्क्रू आवळूनही गाभ्याच्या सीमेवरचा दाब मिळतो. हिरा पारदर्शक असल्यामुळे लेसर त्यातून आत जातो आणि कण तापवतो. तापलेल्या कणाच्या उजेडावरून तापमान काढतात, आणि सिंक्रोट्रॉन या कणत्वरक यंत्रातले प्रखर क्ष-किरण आतली रचना दाखवतात.

इथवर दोन्ही गट एकाच वाटेने चालले. वाट फुटते ती पुढे. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक आहे, त्यामुळे कणाचा मध्य धगधगत असताना काही मायक्रॉन अंतरावर तापमान हजारो अंशांनी उतरलेले असते. शिवाय दगड म्हणजे एकच खनिज नव्हे. ब्रिजमनाइट हे त्यातले मुख्य, पण सोबत इतर खनिजे असतात आणि लोहही असते. उन्हात ठेवलेल्या लाडवाला आधी तूप सुटते, रवा तसाच राहतो. दगडाचेही तसेच, लोहाने समृद्ध असा थोडासा द्रव आधी सुटतो. प्रश्न आहे तो हा पहिला अंश टिपायचा कसा.

फिके यांच्या गटाने कण तप्त असतानाच क्ष-किरणांत द्रवाची खूण शोधली. स्फटिकांच्या ठळक खुणांबरोबर द्रवाची पसरट, फिकी आभा दिसली की वितळले. पण ही आभा दिसायला द्रव बऱ्यापैकी साचावा लागतो. नोमुरांच्या गटाने कण क्षणात थंड केला आणि क्ष-किरणांनी त्याचे त्रिमितीय चित्र घेतले. मधोमध लोहाने भरलेला गोठलेला थेंब आढळला, तर तिथे द्रव होता. ही पद्धत अल्पसा द्रवही पकडते. मात्र नमुन्यात थोडे पाणी होते, आणि पाण्याने वितळणबिंदू उतरतो. तापमानाच्या तीव्र उतारामुळे लोह न वितळताही सरकू शकते, ही शंकाही उरतेच.

माझा कल तरीही जपानी पद्धतीकडे आहे. ‘वितळू लागणे’ याचा अर्थच पहिला थेंब असा असेल, तर तो थेंब पाहू शकणाऱ्या पद्धतीचे वजन अधिक धरले पाहिजे. मात्र निकाल लावायचा, तर एकाच कोरड्या नमुन्यावर, एकाच यंत्रात दोन्ही खुणा एकाच वेळी तपासाव्या लागतील. तोवर पृथ्वीच्या गाभ्याच्या तापमानाचा एखादा नेमका आकडा कुठे वाचनात आला, तर दगड वितळल्याची कोणती खूण त्यामागे धरली आहे, हे वाचकांनी आधी पाहावे.