जवसाच्या गावात समुद्राचं शेवाळ

नागपूरच्या सदरमधल्या एका औषधाच्या दुकानात, काचेमागे, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठीच्या दुधाचा डबा दिसला. अशा डब्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बिचारा मुकाट उभा. घटकांच्या बारीक अक्षरांत मात्र दोन नावं होती: डीएचए आणि एआरए.

डीएचए म्हणजे बावीस कार्बनांची साखळी असलेलं स्निग्धाम्ल. तिच्यात सहा दुहेरी बंध, आणि प्रत्येक बंधापाशी ती मुरडते. असे मुरडलेले रेणू दाटीने बसत नाहीत, म्हणून पेशीचं आवरण लवचिक राहतं. मेंदूत आणि डोळ्यांतल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींत त्याचा भरपूर साठा असतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वार आईच्या रक्तातून ते वेचून वेचून बाळाकडे धाडते. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाचा हा शिधा सुरुवातीलाच तुटतो.

मग आपलं जवस? नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधन चालतं. एनएल-९७ हा वाण तिथलाच. जवसाच्या तेलात जवळपास निम्मं, डीएचएच्याच कुळातलं ओमेगा-३ असतं. पण त्याची साखळी अठराच कार्बनांची. ती लांबवणारं विकर सोयाबीन-सूर्यफुलाच्या तेलातल्या ओमेगा-६मध्येही गुंतलेलं असतं, त्यामुळे मोठ्या माणसांतसुद्धा शंभरातला जेमतेम एखादा रेणू डीएचए होतो. जवसाची चटणी खावी जरूर, पण तिच्यावर हा भार टाकू नये.

मासे तरी डीएचए स्वतः कुठे फारसं बनवतात? मूळ कारागीर समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. क्रिप्थेकोडिनियम कोह्नी नावाची त्यातली एक जात बंद टाक्यांत, उन्हाची तिरीपही नसताना, साखरेवर वाढते. जोडीचं स्निग्धाम्ल एआरए येतं मॉर्टिएरेला अल्पिना या बुरशीकडून. अमेरिकेत २००१ साली या दोन्ही तेलांना बाळदुधात वाट मिळाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, सदरच्या फळीवर, शेवाळाची ही करामत पावडर होऊन बसावी!

उपयोग किती, हे कोडं मात्र गुंतागुंतीचं. एकोणतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या १,२७३ बाळांच्या, ऑस्ट्रेलियातून चाललेल्या चाचणीत काहींना नुसतं डीएचए दिलं. फुप्फुसांना फायदा झाला नाही, उलट थोडा अपायच झाला असावा अशी शंका आली. पाचव्या वर्षी त्यांतल्याच काही मुलांचा बुद्ध्यंक तपासला, तर डीएचए मिळालेली मुलं सरासरी साडेतीन गुणांनी पुढे! स्वीडनमध्ये दोन्ही तेलं जोडीने दिली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी हिरावणारा दृष्टिपटलाचा गंभीर विकार ३३.३ टक्क्यांवरून १५.८वर आला. बेळगावात ९५७ गर्भवतींच्या चाचणीत काहींना रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिलं. बाळांच्या वर्षभराच्या विकासात फरक दिसला नाही. म्हणजे कोणाला, केव्हा आणि कशासोबत, यावर सगळं अवलंबून.

आणि ऑस्ट्रेलिया-स्वीडनमधलं ते तेल डब्यातून आलं नव्हतं. नवजात अतिदक्षता विभागात ते मोजून वेगळं पाजलं होतं, बहुतेक बाळांना आईच्या किंवा दात्या आईच्या दुधाबरोबर. अशा दात्या आयांच्या दुधाची पेढी मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्येच उघडली होती.