उद्याचा बॅटमॅन, आजचे आजोबा

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली, तेव्हा दिवसा कार्टून आणि नंतर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट असा तिचा कारभार होता. कार्टून ऐन रंगात आले असताना वाहिनी कूस बदलायची आणि पोरांचा हिरमोड व्हायचा. आईला मात्र हायसे वाटायचे. आता तरी दप्तरे उघडतील! २००१ मध्ये ही वाहिनी चोवीस तासांची झाली आणि आईची ती सुटकाही संपली.

त्या वेळी सतरंजीवर पालथे पडून टीव्ही पाहणारी मुले आज पस्तिशी-चाळिशीची आहेत. त्यांतली कितीतरी सांगली, सोलापूर, बेळगाव सोडून नोकरीसाठी बंगळूरला स्थायिक झाली आहेत. यशवंतपूरसारख्या भागातल्या एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. घरात पती-पत्नी, शाळकरी मूल आणि गावचे घर बंद करून मुलाकडे राहायला आलेले आजोबा. रविवारी दुपारी मुलाने टीव्हीवर बाबांच्या लहानपणची मालिका लावली, तर तीन पिढ्या एकाच पडद्यासमोर बसतील. आणि ती मालिका 'बॅटमॅन बियाँड' असेल, तर त्या तिघांनाही तीत आपापला माणूस सापडेल.

काय होती ही मालिका?

'बॅटमॅन बियाँड' अमेरिकेत १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये संपली. तीन पर्वांत मिळून तिचे ५२ भाग झाले. अमेरिकेबाहेर अनेक देशांत ती 'बॅटमॅन ऑफ द फ्यूचर' या नावाने दाखवली गेली. ब्रूस टिम, पॉल डिनी आणि अॅलन बर्नेट हे तिचे कर्ते. वाहिनीला मुलांसाठी कोवळ्या वयाचा बॅटमॅन हवा होता. या मंडळींनी जुन्या बॅटमॅनला लहान केले नाही. त्याला म्हातारा केले आणि त्याची जागा घेणारा एक नवा पोरगा उभा केला.

पहिल्याच भागात उतारवयाकडे झुकलेला ब्रूस वेन एका मुलीला गुंडांच्या तावडीतून सोडवायला जातो. झटापटीत त्याच्या छातीत कळ येते. जीव वाचवण्यासाठी त्याला समोरच्यावर पिस्तूल रोखावे लागते. लहानपणी आईवडिलांना पिस्तुलाच्या गोळीने गमावलेल्या, जन्मभर पिस्तूल न वापरण्याचे व्रत पाळलेल्या या माणसाला तो क्षण सहन होत नाही. तो पोशाख उतरवतो आणि गुहेतले दिवे विझवतो.

तिथून कथा वीस वर्षे पुढे जाते. साल साधारण २०३९. टेरी मॅकगिनिस हा शाळकरी तरुण, आईवडील विभक्त झालेले, हा वडिलांजवळ राहणारा. एका रात्री वडिलांशी वाद घालून तो घराबाहेर पडतो. परत येतो तेव्हा वडिलांचा खून झालेला असतो. ज्या कंपनीत ते काम करत, तिथल्या विषारी वायूचे गुपित त्यांच्या हाती लागले होते. टेरी ब्रूसचा पोशाख चोरतो आणि वडिलांच्या मारेकऱ्यांच्या मागे लागतो. नव्या बॅटमॅनचा जन्म असा होतो.

काठी टेकणारा नायक

लहानपणी पाहताना डोळ्यांत भरायचा तो टेरीचा काळा पोशाख. छातीवर लाल वटवाघूळ, हातांखाली उघडणारे लाल पंख, बुटांतून निघणाऱ्या ज्वाळा आणि हवे तेव्हा अदृश्य होण्याची सोय. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे कुणाचे लक्ष जात होते?

आज पाहताना नजर त्या म्हाताऱ्यावरच खिळते. ब्रूस ऐंशीच्या घरात आहे. मोठ्या वाड्यात एकटा राहतो. सोबतीला एक कुत्रा. गुडघे साथ देत नाहीत, पण डोके तल्लख आहे. टेरी उडतो आणि हा गुहेतल्या संगणकासमोर बसून त्याच्या कानात सांगतो की उजवीकडे वळ, घाई करू नकोस, शत्रूची ही चाल जुनी आहे. बळ एकाचे आणि अनुभव दुसऱ्याचा. दोघांचे पटते असेही नाही. ब्रूस तिरसट, कौतुकात कंजूष. टेरी उलट उत्तरे देणारा. सुरुवातीला तर पोशाख चोरला म्हणून ब्रूस दुरून कळ दाबून टेरीला ऐन मारामारीत जागच्या जागी लुळा करतो. मग पोराची कळकळ ओळखून पुन्हा मोकळा करतो.

आपल्याकडच्या घरांत हे नाते नवे नाही. नातवाला आजोबांचा फोन 'लावून' द्यावा लागतो आणि नातवाचे भांडण मिटवायचे असेल तर आजोबांनाच मध्ये पडावे लागते. फरक इतकाच की ब्रूसला विचारणारा टेरी भेटला. शहरात मुलाकडे राहायला आलेल्या किती वडीलधाऱ्यांना दिवसभरात कुणी एखादी गोष्ट विचारते? त्यांच्या औषधांची वेळ सगळ्यांना पाठ असते, त्यांचे मत मात्र कुणाला नको असते. म्हातारपणातले खरे दुखणे तेच.

टेरीच्या वडिलांबाबतही तसेच. शेवटच्या भेटीत भांडण झाले, ही टोचणी टेरीला सोडत नाही. ज्याने हे बाराव्या वर्षी पाहिले, त्याला ते सूडाचे निमित्त वाटले असेल. आज त्याचेच मूल दार आपटून आपल्या खोलीत जाते, तेव्हा तो प्रसंग वेगळाच भिडतो.

वेड्यात काढण्याचा डाव

'श्रीक' नावाचा एक भाग या दृष्टीने आवर्जून पाहावा. डेरेक पॉवर्स या उद्योगपतीला शहराचा जुना ऐतिहासिक भाग पाडून नवे बांधकाम करायचे असते. ब्रूस आडवा येतो. तेव्हा ध्वनितज्ज्ञ हाताशी धरून ब्रूसच्या कानात आवाज ऐकवले जातात, म्हणजे लोक म्हणतील की म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण ब्रूस फसत नाही. तो आवाज त्याला 'ब्रूस' म्हणून हाक मारतो आणि तो स्वतःला मनातल्या मनात त्या नावाने कधीच हाक मारत नाही!

म्हाताऱ्या माणसाचा शब्द बाजूला सारायचा असेल तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणायचे, ही युक्ती गॉथम शहरापुरती नाही. जमिनीच्या आणि घराच्या वाटण्यांत ती आपल्याही गावांत वापरली जाते.

आणि बदलणारे शहर? यशवंतपूरच्या रहिवाशाला ते समजावून सांगायला नको. १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था शेजारीच आहे. कांद्या-बटाट्याच्या पोत्यांनी भरलेला बाजार समितीचा आवार इथलाच. तुमकूर रस्त्यावर पूल आला आणि मार्च २०१४ मध्ये डोक्यावरून मेट्रो धावू लागली. जवळच्या मॉलशेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंच इमारत उभी राहिली. खाली हातगाडी, वर धावती गाडी आणि मागे काचेचा मनोरा. १९९९ मध्ये पडद्यावर अद्भुत वाटलेले हे दृश्य आता खिडकीतून दिसते.

भविष्य कितपत जमले?

मालिकेतल्या उडत्या मोटारी काही आल्या नाहीत. पण मुलांविषयीचा तिचा अंदाज अचूक निघाला. 'हुक्ड अप' या भागात आभासी जगाची चटक लागलेली मुले त्यात शिरण्यासाठी चोऱ्या करू लागतात. खऱ्या आयुष्यात जे मिळत नाही ते तिथे मिळते, म्हणून. त्या वेळी हातात मोबाइल नव्हता. आज जेवणाच्या ताटाशेजारी तो ठेवलेला असतो. 'द विनिंग एज' या भागात शाळेतले खेळाडू जिंकण्यासाठी अंगावर उत्तेजकाच्या पट्ट्या चिकटवतात. यश मिळालेच पाहिजे हा धोशा मुलांना कुठवर नेतो, हे त्यात दिसते. शिकवणी वर्गांच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनीही हा भाग पाहायला हरकत नाही.

मुलांना दाखवावी का?

मालिका तशी गडद आहे. खून आहे, मारामारी आहे, काही खलनायक भीतिदायक आहेत. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने पाहू देऊ नये. २००० मध्ये आलेला जोकरवरचा चित्रपट तर मारझोडीमुळे आधी काटछाट करूनच बाजारात आणावा लागला होता. तो मोठ्या मुलांसाठीच ठेवावा. बाकी भाग वीस-बावीस मिनिटांचे आहेत. एक पाहावा आणि मग टीव्ही बंद करून त्यावर बोलावे. टेरीने खोटे बोलायला हवे होते का? ब्रूसने पोशाख सोडला ते बरोबर होते का? अशा प्रश्नांना मुले फार छान उत्तरे देतात, फक्त विचारायला हवे.

ब्रूसला १९९२ पासून आवाज देणारे केव्हिन कॉनरॉय १० नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी निवर्तले. तरुण बॅटमॅन आणि थकलेला बॅटमॅन, दोन्ही त्यांनीच उभे केले. म्हाताऱ्या ब्रूसच्या त्या खरखरीत आवाजात अधिकार होता, तसाच एकटेपणाही होता.

२०३९ साल आता दीड दशकाहूनही जवळ आले आहे. तोवर आजचे शाळकरी मूल टेरीपेक्षा मोठे झालेले असेल आणि त्याचे बाबा पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले असतील. आजोबांजवळचे मात्र आजच विचारून घ्यावे. गावच्या विहिरीपासून पहिल्या पगारापर्यंत त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. मालिकेचा भाग संपला की रिमोट खाली ठेवून सुरुवात करायला ती वेळ चांगली.