सायंकाळचे दोन तास
गावातील मुलांच्या शिक्षणाला समाजाचा आधार

बंगळूरहून होसूरच्या दिशेने जाताना इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातील हे एकेकाळचे शेतकऱ्यांचे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित झाले आहे. औषधनिर्मितीपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत नाना तऱ्हेचे कारखाने येथे उभे राहिले. नारायण हृदयालयासारखे ख्यातनाम रुग्णालयही येथेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोची पिवळी मार्गिका येथपर्यंत आली आणि शहर व गाव यांतील प्रवासाचे अंतर आणखी कमी झाले.

मात्र कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी शिक्षणाचे अंतर तेवढेच राहिले. तमिळनाडूची सीमा जवळ असल्याने या परिसरात कन्नडबरोबर तेलुगू आणि तमिळ भाषाही घरोघरी बोलल्या जातात. रोजगारासाठी दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे आपापल्या भाषा घेऊन येतात. सरकारी शाळेत कन्नडमधून शिकायचे, घरी वेगळीच भाषा बोलायची आणि संध्याकाळी गृहपाठ समजावून सांगणारे कोणी नाही, अशी अनेक मुलांची स्थिती असते. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास या मुलांच्या आयुष्यात फार मोलाचे ठरतात ते यामुळेच.

पट भरला, पाटी कोरी

शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वयोगटातील बहुतेक मुलांची नावे आज शाळेच्या पटावर आहेत. तथापि पटावरील नाव म्हणजे शिक्षण नव्हे. 'असर' या ग्रामीण भागातील सर्वेक्षणानुसार २०१८ साली तिसरीतील सुमारे २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. महामारीनंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. झालेली हानी भरून निघाली ही समाधानाची बाब होय. पण चारपैकी सुमारे तीन मुले अद्याप मागेच आहेत, हेही तितकेच खरे.

ज्यांना परवडते ते पालक शिकवणी लावतात. याच सर्वेक्षणाप्रमाणे शुल्क देऊन शिकवणीला जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मधील २६.४ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. उरलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्यांचा विचार कोणी करावयाचा? सामुदायिक अभ्यासकेंद्राची कल्पना या प्रश्नातून पुढे येते.

कुरणशाळेचा वारसा

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांची त्यांना आयुष्यभर साथ लाभली. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहावे आणि त्याप्रमाणे वर्गाची वेळ व जागा ठरवावी, हा कुरणशाळेचा धडा होता. कुरणाच्या जागी कारखान्याची वसाहत आली, तरी तो धडा आजही लागू पडतो.

इयत्ता नव्हे, पातळी

१९९० च्या दशकात मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने हे सूत्र वेगळ्या रीतीने पुढे नेले. वस्तीतील, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमण्यात आले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळे घेऊन बसत. त्यांचे मानधन महिन्याला अवघे ५०० ते ७५० रुपये होते. मुंबई व वडोदरा येथील या उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ आढळली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात मात्र त्या लाभाचा मोठा भाग ओसरला. सातत्य हवे, हा त्यातील इशारा होता.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. मुलाला अक्षर ओळखता येते का, शब्द वाचता येतो का, परिच्छेद वाचता येतो का, गोष्ट वाचता येते का, हे काही मिनिटांत पाहता येते. मग इयत्तेनुसार न बसवता या पातळीनुसार गट पाडावयाचे. अक्षरही न ओळखणाऱ्या पाचवीच्या मुलाकडून पाचवीचा गृहपाठ करवून घेणे म्हणजे पायाविना मजला चढविणे होय.

येत नाहीत, त्यांचे काय?

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली झालेला प्रयोग याहून अधिक विचार करावयास लावतो. काही गावांत केवळ सभा घेऊन ग्रामस्थांना शाळेची माहिती देण्यात आली. मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. ६५ गावांत मात्र गावातीलच स्वयंसेवकांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यांपैकी ५५ गावांत वर्ग उभे राहिले आणि सुमारे साडेसात हजार मुलांनी त्यांचा लाभ घेतला. जी मुले आली त्यांची प्रगती ठळक होती. परंतु अजिबात वाचता न येणाऱ्या मुलांपैकी अवघी १३ टक्के मुलेच वर्गाला आली. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांतील बहुतेक घरीच राहिली.

म्हणूनच केंद्राच्या यशाचे मोजमाप केवळ हजेरीपटावरून करून भागत नाही. वर्गाला कोण आले याबरोबरच कोण आले नाही, याची नोंद ठेवावी लागते आणि त्या घरी जाऊन विचारपूस करावी लागते. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलगी येत नसेल, तर भावंडासह तिला येऊ देणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कर्नाटकातील प्रयत्न

कर्नाटकातही या दिशेने पावले पडली. महामारीत शाळा बंद असताना ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' योजना सुरू झाली. शिक्षक वस्त्यांमध्ये जाऊन लहान गटांना शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ती ऑक्टोबरमध्ये थांबवावी लागली आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच काळात 'ओदुव बेळकु' म्हणजे 'वाचनाचा प्रकाश' या मोहिमेद्वारे ग्रामपंचायतींची ग्रंथालये मुलांसाठी विनाशुल्क खुली झाली. गावातील ग्रंथालयाची खोली संध्याकाळच्या वर्गासाठी उत्तम जागा होऊ शकते. बोम्मसंद्रा परिसरातील उद्योगांनीही आपला वाटा उचलला आहे. बायोकॉन प्रतिष्ठानाने सरकारी शाळांतील मुलांसाठी तयार केलेली 'चिन्नर गणित' ही सरावपुस्तके याचे उदाहरण होत.

थोड्या भांडवलाचा उद्योग

जागा, फळा, गोष्टींची पुस्तके, उजेड आणि एक विश्वासू शिक्षिका एवढ्या भांडवलावर केंद्र उभे राहते. बोम्मसंद्रासारख्या बहुभाषी गावात मुलांची घरची भाषा जाणणारी, त्याच गल्लीत राहणारी शिक्षिका मिळाली तर अर्धे काम होते. कन्नडमध्ये अडखळणाऱ्या मुलाला ती आधी त्याच्या भाषेत अर्थ सांगू शकते आणि कामावरून परतलेल्या आईशी दोन शब्द बोलू शकते. तिला वेळेवर मानधन मिळावे, दर तीन महिन्यांनी मुलांची वाचनपातळी पुन्हा तपासली जावी आणि शाळेतील शिक्षकांना त्याची माहिती असावी, एवढी काळजी घेतली तर केंद्र शाळेला खऱ्या अर्थाने पूरक ठरते.

देणगी देणाऱ्यांची समाजात उणीव नाही. परंतु इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरण्याइतका उत्साह दहा वर्षे दरमहा मानधन देण्यात क्वचितच दिसतो. मुलांना उपयोग होतो तो दुसऱ्याचा. निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयीन युवक यांनी आपल्या परिसरातील अशा एखाद्या केंद्राची माहिती करून घ्यावी आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यासाठी राखून ठेवाव्यात. ठेव लहान असली तरी चालेल, मात्र ती मध्येच मोडू नये.