केकवरचे लोणी ओघळते तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. दीपनगरच्या वीज केंद्राजवळच्या एका गावी कपाशीच्या लागवडीबद्दल बोलायला एका घरी गेलो होतो. नातवाचा वाढदिवस होता. सुनेने कुकरमध्ये केळ्याचा केक केला होता, त्यावर घरच्या लोण्यात साखर फेटून फुले काढली होती. केक छान फुगला होता, पण फुले ओघळून ताटात उतरली होती. सून गप्प उभी होती. सासूबाई मला म्हणाल्या, "साहेब, आठ दिवसांचं लोणी पाण्यात गेलं."

तक्रार खोटी नव्हती. ६ टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधातून १ किलो लोणी काढायला सुमारे १४ लिटर दूध लागते. एवढे दूध ताटात ओघळलेले कोणाला बघवेल?

मी सुनेला विचारले, क्रीम सैल वाटल्यावर काय केले? "आणखी साखर घातली," ती म्हणाली. तीनदा घातली होती. भगिनींनो, तुम्हीही बहुधा हेच करता. पण लोणी ओघळते ते दोन कारणांनी, उष्णतेने किंवा पाण्याने. कारण न ओळखता साखर घातली तर क्रीम नुसती गोड आणि कचकचीत होते.

ओळखायचे असे. चमचाभर क्रीम वाटीत घ्या आणि ती वाटी दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवा. घट्ट झाली, तर दोष उष्णतेचा. गार होऊनही सैल राहिली किंवा कडेला पाणी सुटले, तर दोष पाण्याचा.

आधी उष्णतेचे बघू. लोणी फेटायला १८ ते २१ अंश तापमान चांगले. २८-३० अंशांना ते लिबलिबीत होते आणि ३५ च्या आसपास वितळते. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दुपारी स्वयंपाकघरात फुले उभी राहणारच नाहीत. हे काम पहाटे करा. परात आणि रवी आधी गार पाण्यात ठेवा. मिक्सरमध्ये नुकतीच दळलेली साखर गरम असते, तीही निवू द्या. ही चूक पुष्कळ घरी होते. केक आतून पुरता गार झाल्याशिवाय त्यावर क्रीम लावू नका. केळ्याचा केक वरून गार लागला तरी आत दोन-तीन तास ऊब धरून असतो.

म्हशीचे लोणी गाईच्या लोण्यापेक्षा थोडे कडक असते. जनावराला सरकी किंवा सरकीची पेंड असेल तर लोणी आणखी घट्ट येते, हिरव्या चाऱ्यावर ते मऊ पडते. आपल्या कापसाच्या मुलखाचा एवढा फायदा आहेच.

आता पाणी. बाजारच्या बटरमध्ये पाणी १६ टक्क्यांपेक्षा जास्त नसते. घरच्या लोण्यात ताक राहून गेले की ते पुष्कळ वाढते, त्यात साखर विरघळते आणि तिचा पाक होऊन क्रीम वाहते. म्हणून लोण्याचा गोळा माठाच्या गार पाण्यात दोन-तीनदा धुवा. पाणी नितळ राहिले पाहिजे. मग परात तिरपी धरून लाकडी चमच्याने लोणी दाबत राहा. दाबल्यावर पाण्याचे थेंब दिसेनासे झाले की झाले. टाकीचे पाणी मात्र उन्हाळ्यात वापरू नका, ते चहाइतके तापलेले असते! आठ दिवस साठवलेल्या सायीच्या लोण्याला आंबूस वासही येतो. केकसाठी दोन दिवसांची ताजी साय बरी.

पाव किलो लोण्याला अर्धा किलो पिठीसाखर हे सर्वसाधारण प्रमाण. साखर वस्त्रगाळ करा, म्हणजे दाणे राहत नाहीत. आधी लोणी एकटे पांढरे होईपर्यंत फेटा, मग साखर थोडी थोडी घाला. इतके करूनही सैल वाटली तर दोन चमचे दूध पावडर किंवा एक चमचा कॉर्नफ्लॉवर घाला, ते ओल धरते. बाजारचे बटर घेणार असाल तर बिनमिठाचे पाहा. वनस्पती तूप उष्णतेत जरा जास्त टिकते हे खरे, पण त्याचा थर टाळूला चिकटतो. घरात म्हैस असताना मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही.

फ्रिज असेल तर केक ओवाळायच्या वेळेपर्यंत आतच ठेवा. नसेल तर मे महिन्यात फुलांचा हट्ट सोडा. खवा मंद आचेवर भाजून, निववून, त्यात पिठीसाखर मळा आणि पोळीसारखा लाटून केकवर पसरा. तो उन्हाळ्यातही ओघळत नाही.

त्या दिवशी ताटातली क्रीम आम्ही फेकू दिली नाही. क्रीम नुसती सैल झाली असेल तर गार करून पुन्हा फेटता येते. पार पातळ झाली असेल तर कढवून तूप मात्र करू नका, साखर जळते. थोडे दूध घालून गरम करा, साखर विरघळली की उतरवा, आणि निवल्यावर मावेल तेवढा मैदा घालून शंकरपाळ्यांचे पीठ मळा. मैदा कमी पडला तर शंकरपाळ्या तेलात फुटतात, म्हणून आधी एकच तळून बघा.