मत्स्यपेटींतील गाळणी

गाळणी म्हणजे कचरा धरणारी चाळण, अशी आमची समजूत होती. म्हणून एकदां घरच्या मत्स्यपेटींतील गाळणीचा स्पंज व चिनी मातीचीं कडीं आम्ही नळाखालीं खळखळून धुतलीं. आठवड्याच्या आंत तीन मासे दगावले. पाणी मात्र आरशासारखें नितळ होतें!

माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचें पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. हें कार्य जंतूंचेंच, असें विनोग्राड्स्की ह्या शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास सिद्ध केलें. कड्यांच्या छिद्रांत ह्याच जंतूंची वस्ती असते, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्यांस मारक होतो.

यास्तव पाणी शिरतें त्या बाजूस प्रथम जाड छिद्रांचा स्पंज, मग बारीक छिद्रांचा, त्यापुढें कडीं, असा क्रम ठेवावा. तो उलटल्यास कड्यांचीं छिद्रें गाळानें बुजतात व जंतूंस प्राणवायु मिळत नाहीं. कोळसा शेवटीं, त्याचा गवगवा फार, परंतु तो रंग व वास शोषितो, अमोनिया नव्हे. स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा, आणि त्याच दिवशीं कड्यांस हात लावूं नये.