मचाण

वन्य प्राण्यांच्या नजरेस न पडता त्यांची वाट पाहता यावी, यासाठी वृक्षावर किंवा खांबांवर बांधलेली उंच बैठक. हा शब्द संस्कृत ‘मञ्च’ या शब्दाशी संबंधित आहे. जमिनीवरील अशाच आडोशास लपण म्हणतात. शेतात पिकाच्या राखणीसाठी चार खांबांवर उभारलेल्या बैठकीस महाराष्ट्रात माळा असेही म्हणतात. ज्वारीच्या हंगामात राखणदार माळ्यावरून गोफणीने पाखरे हाकलतो; रात्री रानडुकरे पिकात शिरल्यास तोच त्याचा आसरा ठरतो.

जागेची निवड : पाणवठा, प्राण्यांची नेहमीची वाट किंवा वाघाने मारून ठेवलेले जनावर यांपासून थोड्या अंतरावर मचाण बांधीत. हरीण, रानडुक्कर व अस्वल यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असल्याने वारा प्राण्याकडून मचाणाकडे वाहील, अशी बाजू निवडावी लागते. वाघ व बिबळ्या मुख्यतः दृष्टी व श्रवण यांवर विसंबतात. त्यांच्या बाबतीत हालचाल व आवाज टाळणे अधिक महत्त्वाचे असते. डोंगरउतारावर रात्री थंड हवा खाली वाहते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

बांधणी : आंबा, ऐन यांसारखा भक्कम वृक्ष निवडतात, ठिसूळ लाकडाचा वृक्ष टाळतात. सु. ४ ते ६ मी. उंचीवरील दोन मजबूत फांद्यांवर बांबू आडवे टाकून ते दोरखंडाने आवळतात. काही ठिकाणी बाजेचाच उपयोग करीत. खिळे मारल्याने वृक्षास इजा होते व ठोकण्याच्या आवाजाने प्राणी बुजतात. म्हणून गाठी मारणेच योग्य. बैठक करकरू नये, यासाठी बांबूंच्या सांध्यांत चिंध्या घालतात व वर गोधडी अंथरतात. आडोशासाठी शक्यतो त्याच वृक्षाची पाने वापरतात. परकी किंवा सुकलेली पाने चटकन वेगळी दिसतात. सर्व काम दुपारपूर्वी उरकून माणसे निघून जाणे आवश्यक असते. उंची हे पूर्ण संरक्षण नव्हे, कारण बिबळ्या सहज वृक्षावर चढतो. झोपेत तोल जाण्याचा धोका असल्यामुळे कठडा व कमरेचा दोर आवश्यक मानला जातो.

उपयोगातील बदल : संस्थानी व ब्रिटिश काळात हाकाऱ्यांनी पिटाळलेल्या वाघाची शिकार बहुधा मचाणावरून होई. नरभक्षक प्राण्यांच्या बंदोबस्तासाठीही मचाण उपयोगी पडले. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर सरकारी नोंदींनुसार १२५ माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबळ्या जिम कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसून मारला. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार आमिष बांधणे व तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरील बंदी अधिक व्यापक झाली. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने अपवाद होऊ शकतो. शेताच्या राखणीसाठी माळा बांधण्यास मात्र यामुळे बाध येत नाही.

आज मचाण मुख्यतः निरीक्षणासाठी वापरले जाते. महाराष्ट्रातील अभयारण्यांत वैशाख पौर्णिमेस पाणवठ्यांजवळील मचाणांवरून रात्रभर प्राण्यांच्या नोंदी करण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरते व चांदण्यात प्राणी ओळखता येतात, हे त्यामागील कारण. मात्र एकच प्राणी पुन्हा पाण्यावर आल्यास दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो, तर काही प्राणी त्या रात्री येतही नाहीत. त्यामुळे अशा नोंदींवरून प्राण्यांचे अस्तित्व कळते. निश्चित संख्या ठरत नाही. २००६ पासून वाघांच्या राष्ट्रीय गणनेसाठी स्वयंचलित कॅमेऱ्यांतील छायाचित्रे व सांख्यिकीय पद्धती यांचा आधार घेतला जातो. तथापि प्राण्यास न बुजविता त्याचे वर्तन प्रत्यक्ष पाहण्याचे साधन म्हणून मचाणाचे महत्त्व कायम आहे.