कोजागिरीच्या संध्याकाळी, डोक्यावरून

९ ऑक्टोबर २०२२, कोजागिरी. संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटं झाली होती. महाड-पोलादपूरकडे दिवेलागण होऊन गेली होती, दूध आटवायला अजून अवकाश होता. त्याच मिनिटाला आजवर नोंदलेला सर्वांत प्रखर गॅमा-किरण स्फोट पृथ्वीवर येऊन थडकला, आणि तोही जवळजवळ कोकणाच्या माथ्यावरून!

आकाशातली त्याची जागा श्रवण ताऱ्याच्या थोडी उत्तरेला, शर तारकासमूहात. त्या घडीला ती पालघरच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या थेट डोक्यावर होती. महाडहून पाहिलं तर खस्वस्तिकापासून, म्हणजे अगदी डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम ३ अंशांवर. स्फोटाची वेळ आणि जागा माहीत असली की हे गणित कुणालाही मांडता येतं. मांडलं आणि अंगावर काटा आला.

एक प्रचंड तारा आतल्या आत कोसळला, कृष्णविवर झालं आणि जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडले. त्यातला एक नेमका आपल्या रोखाने. ही घटना सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीची. आंबेनळी घाटात जो काळा कातळ दिसतो, ज्याच्या एका थराला भूशास्त्रज्ञ ‘पोलादपूर’ असंच नाव देतात, त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा या किरणांचा शेकडा ९६ प्रवास आधीच उरकला होता.

गॅमा किरणाच्या एकेका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, दृश्य प्रकाशाच्या लाखो पट ऊर्जा असते. तरी खाली कुणाला काही जाणवलं नाही, कारण आपल्यावर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो हवा आहे. हे कवच १० मीटर पाण्याइतकं जाड. बहुतेक किरण वरच्या वरच अडले आणि अडताना त्यांनी तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन उखडले. हवेचा हा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, काही तास ढवळून निघाला. भारतातल्या वीज टिपणाऱ्या यंत्रांनीही त्याची नोंद केली. विचार करा, ढग नाही, गडगडाट नाही, आणि यंत्र म्हणतंय काहीतरी झालं!

सर्वांत दांडग्या कणांचं काय? ते हवेवर आदळून कणांची सर पाडतात. चीनमधल्या ४,४०० मीटर उंचीवरच्या ‘लासो’ वेधशाळेने असे ६४ हजारांहून अधिक फोटॉन पकडले. पुढे जेम्स वेब दुर्बिणीला स्फोटाच्या जागी मेलेल्या ताऱ्याचा सुपरनोव्हाही सापडला. अशा स्फोटांत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडत असावीत, असा कयास होता. त्यांचा मागमूस मात्र तिथे लागला नाही.